कात्रीची सुनावणी

कारखान्यात तिला सगळे काकू म्हणत. मालक म्हणत, टपाल घेऊन येणारा पोस्टमन म्हणे, आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला भट्टीवालाही म्हणे. एकोणिसाव्या वर्षी ती खोक्यांना कागद चिकटवायला म्हणून इथे आली होती. आता बावन्न उलटून गेली होती, आणि शिंप्यांची एकही कात्री तिच्या हाताखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नव्हती.

तिचं काम जोडणीचं. कात्रीची दोन पाती एकमेकांना सपाट चिकटली, तर ती कापत नाहीत, कापड नुसतं चावत बसतात. प्रत्येक पात्याला पोटात केसाएवढा बाक द्यावा लागतो. तो बरोबर पडला, की कात्री मिटताना दोन्ही धारा एका वेळी एकाच जागी भेटतात आणि ती भेट मुठीपासून टोकापर्यंत सरकत जाते. काकू हा बाक लहानशा हातोडीने देत असे आणि मग कात्री कानाशी धरून हळूच मिटून बघत असे. आवाज सलग आला तर ठीक, मध्येच कचकन अडखळला की परत हातोडी.

"गप्प बसा रे, काकूंना फोन आलाय," असं भट्टीवाला रोज म्हणे, आणि रोज सगळे हसत.

अलीकडे मात्र हसणारी माणसं कमी झाली होती. दोन वर्षांपूर्वी सरकारने समुद्रापलीकडच्या एका देशाशी व्यापार करार केला. त्यांचा काही तयार माल आपल्याकडे बिनकराचा येणार, आपला त्यांच्याकडे तसाच जाणार. यादी दोन हजार वस्तूंची होती, आणि तिच्यात कुठेतरी मधोमध, कंगव्यांच्या खाली आणि कुलपांच्या वर, कात्री बसली होती. तोवर बाहेरच्या कात्रीवर तीस टक्के कर होता. तो उठला आणि बाजारात दोनशे तीसला मिळणारी कात्री एकशे ऐंशीवर आली. काकूच्या कारखान्यातली पडत होती तीनशे दहाला. पूर्वी लोक म्हणत, जरा महाग आहे पण टिकते. आता फरकच एवढा पडला, की टिकण्याची गोष्ट ऐकून घ्यायलाही कोणी थांबेना. साठ माणसांची अडतीस झाली. जोडणीच्या ओळीतली चार बाकं रिकामी पडली, आणि त्यांच्यावर कोणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली. काकूने ती उचलून बाजूला केली आणि बाकं पुसून ठेवली.

एके दिवशी मालक तिच्या बाकाशी येऊन उभे राहिले. मालक म्हणजे पस्तिशीचा माणूस, वडील गेल्यावर कारखाना गळ्यात पडलेला. लहानपणी शाळा सुटली की तो इथेच येऊन तिच्या शेजारी गृहपाठ करायचा. आता ती त्याला अहो-जाहो करत होती आणि त्याला त्याची अजून सवय झाली नव्हती.

"काकू, राजधानीला यायचंय माझ्याबरोबर. करावर सुनावणी आहे."

"मी काय करू तिथे?"

"बोलायचंय. म्हणजे वाचायचंय. संघाने लिहून दिलंय सगळं."

संघ म्हणजे कात्री कारखानदारांचा संघ, आणि संघ म्हणजे खरं तर त्याचे चिटणीस. गावातला सगळ्यात मोठा कात्री कारखाना त्यांचा. करारात एक कलम होतं, की बाहेरचा माल अचानक फार येऊ लागला तर सरकारला त्यावर काही वर्षं कर लावता येतो. त्या कलमाचा आधार घेऊन संघाने ऐंशी टक्के कर मागितला होता. सुनावणी घेणाऱ्या समितीपुढे एखादा खरा कारागीर उभा केला तर वजन पडेल, असं चिटणीसांना वाटलं. आणि खरा कारागीर म्हटल्यावर अख्ख्या गावाच्या तोंडी काकूचं नाव आलं.

तिचा नवरा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होता. दोनशे रोग्यांचं बिनमिठाचं जेवण करून करून त्याच्या बोलण्यात सगळं मीठ उतरलं होतं. तो म्हणाला, "जा की. सरकारलाही जरा धार लावून ये."

गाडीत चिटणीस आणि मालक समोरासमोर बसले होते, काकू खिडकीशी. ती बाहेर बघत होती, म्हणजे ऐकत नसणार, असं चिटणीसांनी धरलं.

"कर लागला की त्यांची कात्री जाते तीनशे पंचवीसवर," ते बोटांवर मोजत म्हणाले. "मग आपण तीनशे दहावर कशाला थांबायचं? तीनशे वीस करायची. घेणारा जातो कुठे?"

काकूने घडी केलेला कागद पिशवीतून काढला. रात्रीपासून तो वाचायला तिला सवड झाली नव्हती. पहिलीच ओळ होती: 'आम्ही गरीब व अडाणी कारागीर असून मायबाप समितीने आमच्यावर दया करावी.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. गरीब होती, यात वाद नव्हता. पण अडाणी? तिच्या उस्तादाने, ज्याच्या हाताखाली ती सहा वर्षं शिकली त्या म्हाताऱ्याने, तिला पहिली कात्री बाहेर पाठवायची परवानगी दिली तेव्हा तिचे पाय तीन दिवस जमिनीला लागत नव्हते. भट्टीत तापवून विझवताना पोलादाला पाणी कमी बसलंय की जास्त, हे ती पात्याच्या रंगावरून सांगत असे, आणि तंत्रशाळेतून आलेले पोरगे वह्या घेऊन तिच्यासमोर बसत असत. तिने कागद परत घडी घालून ठेवला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

राजधानीत ती उतरली धाकट्या बहिणीकडे. बहीण घरातच शिवणाचे वर्ग चालवत असे. बाहेरच्या खोलीत सहा यंत्रं, एक लांब टेबल, भिंतीला टांगलेले कागदाचे नमुने. संध्याकाळचा वर्ग चालू होता आणि वीस बायका माना खाली घालून कापड बेतत होत्या. काकूची नजर कापडावर गेलीच नाही. वीस हातांत वीस कात्र्या होत्या आणि सगळ्या समुद्रापलीकडच्या.

वर्ग सुटल्यावर बहीण अपराध्यासारखी म्हणाली, "ताई, बघितलंस ना. राग नको धरू."

"राग कसला? पण माझी कुठेच दिसली नाही."

"तुझी माझ्याजवळ आहे की. अकरा वर्षं झाली. पण या बायकांनी तीनशे दहा कुठून आणायचे? पूर्वी तिघींत एक कात्री असायची. एक कापतेय आणि दोघी बघत बसल्यात. आता एकशे ऐंशीला प्रत्येकीची स्वतःची आहे, म्हणून दोन महिन्यांत हात बसतो." मग टेबलावरच्या सुया गोळा करत म्हणाली, "चार महिन्यांत बोथट होते, ते खरं. मग टाकून द्यायची. हिला खिळा ठोकलेला, स्क्रू नाही, धारवाला हात लावत नाही."

"आणि ही तीनशे पंचवीसला झाली तर?"

बहिणीने सुया गोळा करता करता हात थांबवला. "मग परत तिघींत एक."

काकूने एक कात्री उचलली आणि कानाशी धरली. टोकाजवळ अडखळत होती.

सकाळी समितीच्या इमारतीत, लांबलचक व्हरांड्यात, मालक तिची वाट पाहत होते. चिटणीस अजून यायचे होते. काकूने सरळ विचारलं, "मालक, आपली कात्री एवढी महाग का पडते? हात तर आमचे काही सोन्याचे नाहीत."

"पोलाद, काकू. आणि पाती घासायची चाकं. दोन्ही बाहेरून येतात, आणि दोन्हींवर पंचवीस टक्के कर आहे."

"तो का?"

"इथल्या पोलाद गिरण्यांना आधार म्हणून."

"त्या गिरण्या आपलं पोलाद बनवतात?"

"नाही. आपल्याला लागतं तसं अरुंद, कडक पट्टीचं इथे कोणीच बनवत नाही. एवढ्याशा मालासाठी त्यांना भट्टी पेटवणं परवडत नाही."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे त्यांची अख्खी कात्री बिनकराची येते, आणि आमची कात्री बनायच्या आधीच तिच्यावर कर बसतो? हे त्या कागदात का नाही?"

मालकांनी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बाहेरच्या पोलादाची एजन्सी चिटणीसांकडे आहे. आपल्याला माल तेच देतात. कर धरून जी किंमत होते, तिच्यावर त्यांचं कमिशन. तो विषय संघात कोणी काढत नाही."

"मी काढला तर?"

त्यांनी कॉलरचं बटण सैल केलं. "मला विचारू नका, काकू. मी हो म्हणू शकत नाही." आणि मग, तिच्याकडे न बघता, "नाहीही म्हणत नाही."

सुनावणीची खोली काही फार मोठी नव्हती. घोड्याच्या नालासारखं टेबल, त्यामागे पाच जण, मध्ये अध्यक्षबाई. पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. डावीकडे संघाची माणसं, उजवीकडे आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांचा वकील, समोर नमुन्याच्या कात्र्यांचं खोकं. काकूचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली आणि कागद उघडला.

"आम्ही गरीब व..." इथपर्यंत वाचलं आणि तिचा आवाज थांबला.

"पाणी हवंय का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नको, बाई. पुढे लिहिलंय ते खोटं आहे. खोटं मला वाचता येत नाही." तिने कागद टेबलावर ठेवला. "इथे आम्हाला अडाणी म्हटलंय. मी तेहतीस वर्षं कात्री जोडतेय. मी अडाणी नाही आणि दया मागायलाही आलेली नाही."

चिटणीस खुर्चीत पुढे सरकले. वकिलाला मात्र गंमत वाटली. तो उठला आणि म्हणाला, "छान. दया नको. मग ग्राहकाने एकशे ऐंशीची कात्री सोडून तुमची तीनशे दहाची का घ्यावी, तेवढं सांगा." आणि खोक्यातली एक कात्री काढून त्याने तिच्यापुढे ठेवली. "हिच्यात काय वाईट आहे?"

काकूने ती उचलली. नखाने पातं वाजवून बघितलं, मग कानाशी धरून मिटली. समितीतल्या एका गृहस्थाला हसू आलं. ती म्हणाली, "पोलाद वाईट नाही. चांगलंच आहे. पाणीही नीट बसलंय. ज्याने भट्टी सांभाळलीय त्याला काम येतं. जोडणी घाईची आहे, एवढंच." पिशवीतून रुमाल काढून तिने पेल्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि कापला. कात्री अर्ध्यापर्यंत सुरेख गेली. टोकाशी मात्र पात्यांनी रुमाल चावला आणि सोडेनात.

"पाच मिनिटं द्याल का, बाई?"

अध्यक्षबाईंनी मान हलवली. काकूने पिशवीतून आपली लहानशी हातोडी काढली. शेजारी कागदांवर पितळेचं जड वजन ठेवलेलं होतं, ते ओढून घेतलं, त्यावर पातं टेकवलं आणि अलगद ठोकायला लागली. टक, टक. थांबून डोळ्यासमोर धरायचं, उजेडाकडे करायचं, परत टक. टिपणं घेणाऱ्या कारकुनाने पेन खाली ठेवलं होतं. काकू कुठे आहे हेही विसरली होती. खिळ्यावर दोन हलके ठोके, दुसऱ्या पात्याला तीन, आणि मग कात्री कानाशी गेली. आवाज मुठीपासून टोकापर्यंत रेशमासारखा सरकला.

तिने ओला रुमाल उचलला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत कापला. दोन तुकडे टेबलावर पडले. कात्री तिने मुठीकडून वकिलाच्या हातात दिली.

"घ्या. आता वर्षभर चालेल."

सगळी खोली हसली, वकीलही हसला. पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "तुम्ही त्यांचाच माल सुधारून दिलात. मग तुम्हाला नक्की हवंय काय?"

"आमची कात्री महाग आहे ती आमचे हात आळशी आहेत म्हणून नाही, एवढं तुम्हाला दिसावं म्हणून केलं," काकू म्हणाली. "काल मी वीस बायका कापड बेतताना बघितल्या. त्यांची कात्री महाग करून माझं पोट भरायचं, हे मला नको. पण तयार कात्री बिनकराची येते आणि आमच्या पोलादावर, आमच्या चाकांवर पंचवीस टक्के. ते पोलाद इथे कोणी बनवतही नाही. मग तो कर नेमकं कोणाला सांभाळतो? तो काढा. बाकीचं आमचं आम्ही बघतो."

चिटणीस उठून म्हणाले, "ही बाई संघाच्या वतीने बोलत नाही! हे आकड्यांचे विषय आहेत, तिला काय..."

"आकडे आहेत का कोणाकडे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काकूने मागे वळून बघितलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग मालकांचा. "माझ्याकडे आहेत. हे दोन कर नसतील तर आमची कात्री तीनशे दहाऐवजी दोनशे पासष्टला पडेल. दहा वर्षं चालणारी. वर्षागणिक हिशेब केला तर बाजारातली सगळ्यात स्वस्त. मी लिहून द्यायला तयार आहे."

त्यांनी लिहून दिलं. खोलीतून बाहेर पडताना अध्यक्षबाईंनी काकूला हाताने थांबवलं. "करार तुम्ही वाचला नसेल. तो दोन्ही बाजूंनी असतो. त्यांच्याकडेही तुमच्या कात्रीवर आता कर नाही. या दोन वर्षांत इथून एकही कात्री तिकडे गेलेली नाही. कोणी प्रयत्नच केला नाही."

परतीच्या गाडीत चिटणीस दुसऱ्या डब्यात बसले. मालक आणि काकू समोरासमोर बसले होते. बऱ्याच वेळाने मालक म्हणाले, "बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"आधी ओरडले असते," काकू म्हणाली. "मग गुपचूप चहा पाठवला असता."

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. चिटणीसांनी पोलाद देणं बंद केलं. सात आठवडे भट्टी एक दिवसाआड पेटत होती. शेवटी मालकांनी तीन छोट्या कारखान्यांना गाठलं, चौघांनी मिळून थेट बाहेरून माल मागवला, आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की कमिशन वगळलं तर पोलाद एवढं महाग नव्हतंच. पाचव्या महिन्यात समितीचा आदेश आला. कात्रीवर नवा कर नाही. कात्रीच्या पोलादावरचा आणि घासण्याच्या चाकांवरचा कर तीन वर्षांसाठी उठवला. मालकांनी तो कागद भट्टीवाल्याच्या हातात दिला आणि त्याने तो मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

सगळंच गोड झालं असं नाही. शेजारच्या गल्लीतला एक कारखाना साध्या लोखंडाच्या कात्र्या बनवत असे. त्याला पोलादाच्या कराशी देणंघेणं नव्हतं, तो नव्या कराच्या आशेवर तग धरून होता. तो वर्षअखेरीला बंद झाला. तिथला एक म्हातारा कारागीर रस्त्यात काकूला आडवा आला आणि म्हणाला, "तुझ्या तोंडामुळे आमच्या चुलीतला जाळ गेला." काकू दोन रात्री नीट झोपली नाही. मग मालकांकडे गेली आणि म्हणाली, चार बाकं रिकामी आहेत. त्या कारखान्यातली तिघं जण आली. म्हातारा आला नाही, पण त्याची सून आली, आणि ती हाताची फार चांगली निघाली.

कात्री दोनशे पासष्टला विकली जाऊ लागली. एकदम उड्या पडल्या नाहीत, पण दुकानदार परत दारात येऊ लागले. मग मालकांनी समुद्रापलीकडच्या शिंप्यांच्या एका सहकारी संस्थेला दोन नमुने पाठवले, एक उजव्या हाताचा आणि एक डावखुऱ्यांचा. उत्तर यायला दोन महिने लागले. त्यांनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडे कात्र्या ढिगाने होतात, पण डावखुऱ्यांची चांगली कात्री मिळत नाही. पाचशे हव्या होत्या.

काकूच्या घरी ही बातमी तिच्या आधी पोहोचली. नवरा दारातच उभा होता. "ज्यांनी आपला बाजार खाल्ला, त्यांनाच आपण कात्र्या विकणार?"

"त्यांनी कुठे खाल्ला? त्यांच्याकडेही कोणीतरी बाई बाकावर बसून ठोकतच असेल," काकू म्हणाली. "तिला जरा जास्त वेळ द्यायला हवा, एवढंच."

डावखुऱ्यांची कात्री म्हणजे सगळं उलटं. हात उलटा, बाक उलटा, कानही दुसरा. पहिले आठ दिवस काकू स्वतःवर चिडचिड करत होती. मग जमलं, आणि तिने ते ओळीतल्या सगळ्यांना शिकवलं. माल रवाना व्हायच्या आदल्या दिवशी सकाळपासून तिने पाचशेच्या पाचशे स्वतः तपासल्या. दुपारी चारला पेटी बंद करायला माणसं आली तेव्हा तिच्या पुढ्यात अकरा कात्र्या बाजूला काढलेल्या होत्या.

मालकांनी त्यातली एक घेऊन कागद कापून बघितला. "काकू, कापतेय की. काय बिघडलंय?"

"कापतेय. पण खोटं बोलतेय."

"तिकडे कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना."

मालकांनी गाडीवाल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मग खिशातून पेन काढून पाठवणीच्या कागदावर पाचशे खोडून चारशे एकोणनव्वद लिहिलं. खाली एक ओळ टाकली: उरलेल्या अकरा पुढच्या आठवड्यात, कारण त्या अजून आमच्या मनासारख्या झालेल्या नाहीत. भट्टीवाल्याने पेटीवर शेवटचा खिळा ठोकला. सगळे दारापर्यंत गेले. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा काकूने पदर की रुमाल काहीच हलवलं नाही, नुसती ताठ उभी राहिली, आणि तिच्या शेजारी ओळीतल्या सगळ्या जणी तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती त्या अकरा कात्र्या घेऊन बाकावर बसली.